ट्रॅक्टरचा रंग नंतर, आधी मागचा उतार मोजा

प्रश्न : गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, पिट्सबरोजवळ घर घेतलं. जागा दोन एकर. याआधी अपार्टमेंट आणि टाउनहाउसमध्येच राहिलो, त्यामुळे गवत कापायची वेळ कधी आलीच नाही. आता मार्चपासून ते आपल्यालाच बघायचंय. हे महिन्यातले दोन आठवडे कामानिमित्त बाहेर असतात, म्हणजे बहुतेक वेळा मीच कापणार. माझी उंची पाच फूट. दुकानात गवत कापायचा, जॉन डिअर कंपनीचा ४२ इंची (कापणीची रुंदी) हिरवा ट्रॅक्टर पाहिला, साधारण अडीच हजार डॉलरचा. डीलरकडे त्याच कंपनीचा, तेवढ्याच रुंदीचा, पण जवळजवळ दुप्पट किमतीचा आहे. यांच्या मनात मात्र ५४ इंची झीरो-टर्न (जागच्या जागी वळणारं, वर बसून गवत कापायचं यंत्र) भरलाय, कारण शेजाऱ्यांकडे तो आहे आणि "अर्ध्या वेळात काम होतं" असं ते सांगतात. घरामागे ओढ्याकडे उतार आहे. एप्रिलमध्ये सासरे सहा महिन्यांसाठी येतील. आबांनी जन्मभर कराडजवळ शेती केली, ट्रॅक्टर स्वतः चालवला. फोनवर म्हणाले, "मागं रोटाव्हेटर लागंल असा घ्या, भाजीचं मी बघतो." आठ वर्षांचा मुलगा तर आत्तापासून आजोबांच्या मांडीवर बसून ट्रॅक्टर चालवायच्या गोष्टी करतोय. कोणता घेऊ?

उत्तर :

ताई,

तुम्ही दोन ट्रॅक्टरच्या किमती, तिन्ही यंत्रांची रुंदी, शेजाऱ्यांचं मत, सगळं लिहिलंत. उतार किती आहे ते मात्र लिहिलं नाहीत. "ओढ्याकडे उतार आहे" एवढंच. माझ्या मते सगळा निकाल त्या एका वाक्यात आहे. मी मूळचा निफाडकडचा. आमच्याकडे द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टर घ्यायचा तर माणूस आधी दोन ओळींमधलं अंतर टेपने मोजतो आणि मगच शोरूमची पायरी चढतो. तुम्हीही या शनिवारी तेच करा, दुकानात जाण्याआधी.

चार फुटांची एक सरळ फळी घ्या आणि तिच्यावर पाणसळ ठेवा. घरात नसेल तर फोनमधली चालेल. उतार जिथे सगळ्यात उभा वाटतो तिथे फळीचं वरचं टोक गवतावर टेकवा, खालचं टोक हातात धरून फळी समपातळीत आणा आणि त्या अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. साडेआठ इंच भरलं तर उतार १० अंशांचा. १३ इंच भरलं तर १५ अंशांचा. पाच-सहा ठिकाणी असं मोजा आणि कागदावर जागेचा कच्चा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

१५ अंश ही बहुतेक घरगुती राइडिंग मोअरच्या (वर बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या यंत्रांच्या) पुस्तिकेत छापलेली शेवटची हद्द असते. काही झीरो-टर्नची त्याहून कमी असते. तुमच्या फळीखाली १३ इंचांपेक्षा जास्त अंतर निघालं, तर त्या पट्ट्यासाठी यंत्र शोधूच नका. तो पट्टा कापायचाच नाही. तिथे ब्लॅक-आइड सुझन, लिटल ब्लूस्टेमसारखी तिकडचीच झाडं-गवतं वाढू द्या. ओढ्याच्या काठाची माती त्यांच्या मुळांनी धरून राहते आणि वर्षातून एकदा हाताने साफसफाई केली की भागतं. तुमच्या वस्तीत एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचे नियम तेवढे आधी वाचून घ्या.

हा आकडा हातात आला की झीरो-टर्नचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. झीरो-टर्न वाईट यंत्र नाही. सपाट जागा आणि मधे मधे झाडं असतील तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बुंध्याभोवती ते अलगद फिरतं, आणि मागून ट्रिमर घेऊन फिरायचं काम निम्म्यावर येतं. पण ते वळतं कसं, हे खरेदीआधी यांना नीट दाखवा. त्याची पुढची चाकं ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी असतात, त्यांना दिशा देता येत नाही. वळणं, थांबणं, वेग धरणं हे सगळं मागची दोन चाकं करतात, प्रत्येक चाक आपापल्या लिव्हरवर. सकाळच्या दवात ओल्या उतारावर मागच्या टायरांची पकड सुटली, की ब्रेक गेला आणि वळवण्याची सोयही त्याच क्षणी गेली. यंत्र मग जमीन नेईल तिकडे जातं. तुमच्याकडे खाली ओढा आहे. ट्रॅक्टरही ओल्या उतारावर घसरतो, त्यालाही तिथे न्यायचं नाही, पण त्याची पुढची चाकं स्टिअरिंगने वळतात, त्यामुळे थोडं तरी हातात राहतं. स्टिअरिंग व्हीलने पुढची चाकं वळवणारे काही झीरो-टर्नही मिळतात. यांचा जीव फारच अडकला असेल तर निदान तसला बघा. तरी माझं मत विचाराल तर ओढ्याकडे उतरणाऱ्या जागेवर, पहिल्यांदाच यंत्र चालवणाऱ्या माणसाने ट्रॅक्टरच घ्यावा.

आता ते "अर्ध्या वेळात". जागा दोन एकर म्हणजे गवत दोन एकर नव्हे. घर, ड्राइव्हवे, झाडी, ओढ्याकाठचा पट्टा वजा करा. गूगलच्या नकाशावर जागेभोवती बिंदू टाकले की क्षेत्रफळ मिळतं. समजा सव्वा एकर कापायचं निघालं, म्हणजे आपले पन्नास गुंठे. ताशी ४ मैल वेग धरला आणि वळणं व पट्ट्यावर पट्टा चढवण्यात एक पंचमांश वेळ गेला असं धरलं, तर ४२ इंची डेकला (डेक म्हणजे यंत्राखालचा पात्यांचा भाग) साधारण ५५ मिनिटं लागतात आणि ५४ इंचीला ४३. फरक १२ मिनिटांचा. शेजाऱ्यांचं काम खरोखर अर्ध्या वेळात होत असेल, तर ते झीरो-टर्न जास्त वेगाने पळवतात म्हणून, आणि त्यांची जागा सपाट असणार. उतारावर तो वेग तुम्हाला वापरताच येणार नाही. शिवाय रुंद डेक उंचसखल जागी मधला उंचवटा खरवडतो आणि गवत मुळापासून सोलून काढतो. तुमच्याकडच्या लाल चिकणमातीवर तो डाग महिनाभर दिसत राहतो. ४२ किंवा फार तर ४६ इंच तुम्हाला पुरे. एक लक्षात ठेवा, ४२ हे पात्यांच्या कापणीचं माप आहे. कडेला गवत फेकणारी चुट धरली तर यंत्र त्याहून बरंच रुंद होतं. शेडचं दार आणि कुंपणाचं फाटक आत्ताच मोजून ठेवा.

दुकानातला की डीलरकडचा, हा तुमचा मुख्य प्रश्न. इथे मी जरा थांबतो, कारण लोक नेमके इथेच चुकतात आणि एकदा मीही चुकलो आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. जॉन डिअरचा एस १०० तुम्ही मोठ्या दुकानातून घेतला काय आणि डीलरकडून घेतला काय, तो तोच ट्रॅक्टर आहे. "दुकानातला माल हलका असतो" हे अनेकजण छातीठोकपणे सांगतात, पण मॉडेल नंबर एकच असेल तर यंत्रही एकच. तुम्ही पाहिलेली दोन यंत्रं वेगळी आहेत, कारण त्यांची मालिकाच वेगळी आहे. एक शंभराच्या मालिकेतलं, दुसरं एक्स ३०० च्या. जास्त पैशांत तुम्हाला जाड पत्रा, भक्कम चॅसी, बरी सीट आणि लांब वॉरंटी मिळते. शंभराच्या मालिकेला २ वर्षं किंवा १२० तास, एक्स ३०० ला ४ वर्षं किंवा ३०० तास, यातलं जे आधी संपेल ते. तुम्ही वर्षाला पंचवीस-तीस वेळा कापाल, म्हणजे २३-२७ तास. तुमचे तास कधीच आधी संपणार नाहीत, वर्षंच संपतील. म्हणून वॉरंटीत तुमच्यासाठी फक्त वर्षांचा आकडा महत्त्वाचा. कब कॅडेटच्या एक्सटी १ ला ३ वर्षं आहेत आणि तासांची अट नाही. तोही यादीत ठेवा.

पण दुप्पट किमतीत जे मिळेलच असं नाही, ते म्हणजे दुप्पट मजबूत ट्रान्समिशन. आणि उतारावर यंत्राचा जीव तिथेच असतो. हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरना हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं. क्लच नाही, गिअर नाही, पायाखाली पेडल. दाबाल तसं तेलाच्या दाबावर चाक फिरतं. चालवायला सोपं, तुम्ही दहा मिनिटांत शिकाल. बाहेरचा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी कुठलाही असो, आतलं ट्रान्समिशन बहुतेक वेळा दोनच कंपन्यांपैकी एकीचं असतं : तुमच्या शेजारच्या टेनेसीतल्या मॉरिसटाउनची टफ टॉर्क, नाहीतर इलिनॉयमधली हायड्रो-गिअर. त्यांच्या आत पुन्हा हलके-जड वर्ग आहेत. टफ टॉर्कचं के ४६ हे हलक्या वर्गातलं. सपाट जागी ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं, पण दर आठवड्याला चढावर ओझं ओढायचं हे त्याचं काम नव्हे. डीलरला सरळ विचारा, "या मॉडेलमध्ये ट्रान्समिशन कोणतं? त्याचं तेल बदलता येतं का?" ज्याचं तेल काढून नवं भरता येतं ते उतारासाठी घ्यावं. ज्या विक्रेत्याला हे उत्तर पुस्तकात बघूनही देता येत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.

हे इतकं लांबण लावून का सांगतो, तेही ऐका. व्हर्जिनियातल्या आमच्या पहिल्या घराची मागची बाजू उताराची होती. मी अश्वशक्ती पाहून आणि किंमत पाहून ट्रॅक्टर आणला. तीन उन्हाळे सुरेख चालला. चौथ्या वर्षी जुलैत एका दुपारी, अर्धा तास कापून झाल्यावर, चढाच्या मध्यावर त्याचा वेग कमी व्हायला लागला. पेडल तळाला टेकलेलं, इंजिन पूर्ण आवाजात, पाती फिरतायत आणि चाकं मात्र जागेवर. हळूहळू तो मागे सरकू लागला. मागे लाकडी कुंपण होतं, त्याला टेकून थांबला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड यंत्र चालू केलं तर काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून गेला. मला वाटलं, बेल्ट सैल झाला असेल. बेल्ट बदलला. पण अर्ध्या तासाने, तेल तापलं की, पुन्हा तेच. ट्रान्समिशन आतून झिजलं होतं. ते सीलबंद असल्याने दुरुस्तीऐवजी नवं बसवायचा खर्च ट्रॅक्टरच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात होता. सपाट जागेवर तोच ट्रॅक्टर अजून दहा वर्षं चालला असता. चूक यंत्राची नव्हती. मी जागा न मोजता घेतलं होतं.

अश्वशक्तीचं थोडक्यात सांगतो. कापायच्या यंत्रांवर छापलेल्या अश्वशक्तीच्या आकड्यांवरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता आणि २०१० मध्ये त्यात तडजोड झाली, तेव्हा त्या आकड्यांवर फार जाऊ नका. ४२ इंची डेकला एका सिलिंडरचं चांगलं इंजिन पुरतं. दोन सिलिंडरचं असेल तर कंपनं कमी आणि आवाज जरा मऊ. उतार बराच असेल तर दोन सिलिंडरचं घ्या, नाहीतर त्या पैशांचा विचार सोडा. कावासाकी, कोहलर, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांतलं कुठलंही चालेल, फक्त तेल वेळेवर बदला.

तेव्हा फळीचा आकडा आला की असं करा. सगळीकडे १० अंशांच्या आत असेल, तर दुकानातला साधा हायड्रोस्टॅटिक ४२ इंची घ्या आणि उरलेले पैसे बिनघोर दुसरीकडे वापरा. १० ते १५ च्या मधे असेल, तर डीलरकडे जा, पण एक्स ३०० मालिकेतल्या एक्स ३५० ची पाटी पाहून भुलू नका. तेल बदलता येणारं, जड वर्गातलं ट्रान्समिशन ज्या मॉडेलमध्ये आहे तेच घ्या. त्यासाठी हजारभर डॉलर आणखी गेले तरी जाऊ द्या. उतारावर वर-खाली कापायचं, आडवं नाही. वळायचं ते सपाट जागी. ओढ्याच्या काठापासून यंत्राच्या दोन रुंदी आत राहायचं. दव सुकल्याशिवाय यंत्र बाहेर काढायचंच नाही.

तुमच्या पाच फूट उंचीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात. मला ती फार महत्त्वाची वाटली. आठवड्याला तासभर यंत्रावर बसणार तुम्ही, तेव्हा ते तुमच्या मापाचं हवं. डीलरकडे जाताना यांना बरोबर न्या, पण सीटवर तुम्ही बसा. सीट पूर्ण पुढे घेऊन बघा. पाठ टेकलेली असताना पेडल तळापर्यंत दाबता येतं का? ब्रेक पूर्ण दाबता येतो का? डेक उचलायचा लिव्हर एका हाताने वर येतो का? काही यंत्रांत त्याला बराच जोर लागतो. सीटखाली एक स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद करणारा. हलक्या वजनाच्या माणसाच्या बाबतीत खड्ड्यातून जाताना सीट क्षणभर उचलली जाते आणि इंजिन मधेच बंद पडतं. तुम्हाला असं झालं तर डीलरकडून सीटची स्प्रिंग बदलून घ्या. कुणी म्हणेल, "स्विचची वायर जोडून टाकू, कटकटच नको." हे कुणालाही करू देऊ नका. पात्याचं टोक ताशी २०० मैलांच्या आसपास फिरत असतं. तो स्विच तुमचा पाय वाचवण्यासाठी आहे.

आता मुलाबद्दल. इथे मी सल्ला देत नाही, विनंती करतो.

आपल्याकडे गावात मुलं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मोठी होतात. मीही तसाच मोठा झालो. आबांनी त्यांच्या मुलाला, म्हणजे तुमच्या यांना, तसंच बसवून उसाच्या शेतात नेलं असेल, आणि नातवासाठीही त्यांच्या मनात तेच प्रेम आहे. पण त्या ट्रॅक्टरची अवजारं मागे जोडलेली असतात. या ट्रॅक्टरची पाती बसणाऱ्याच्या पायांखाली, डेकमध्ये असतात. मांडीवरचं मूल घसरलं तर थेट डेकपाशी पडतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स स्पष्ट सांगते की राइडिंग मोअर चालवायला १६ वर्षं पूर्ण हवीत आणि मुलांना सोबत बसवून कधीच नेऊ नये. सर्वांत भयंकर अपघात मागे घेताना होतात. मूल आजोबांच्या आवाजाने धावत येतं, आजोबांना इंजिनच्या आवाजात ते ऐकू येत नाही. आणखी एक वाईट गोष्ट अशी, की ज्या मुलाला एकदा मांडीवर बसवलं, ते पुढच्या वेळी बोलावल्याशिवाय ट्रॅक्टरकडे पळत येतं. म्हणून "एकदाच" असंही नको. यंत्र चालू असताना नातू घरात, दार बंद. मागे घ्यायचं तर आधी पाती बंद करून मागे वळून बघायचं. मागे घेताना पाती चालू ठेवू देणारं बटण बऱ्याच ट्रॅक्टरवर असतं. आबांना पहिल्याच दिवशी सांगा की ते वापरायचं नाही. नातवाला आनंद द्यायचा तर इंजिन बंद, चावी खिशात, अशा उभ्या ट्रॅक्टरवर बसवून फोटो काढा. तेल तपासायला, टायरची हवा बघायला त्याला शिकवा. त्यालाही ते फार आवडेल.

हवेवरून आठवलं. यंत्र घरी आलं की पहिल्याच दिवशी चारही टायरची हवा मोजा. पुढच्या चाकांत साधारण १४ आणि मागच्यांत १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतं, पण तुमच्या पुस्तिकेत असेल तेच भरा. एका बाजूला दोन पीएसआय कमी असले तरी डेक त्या बाजूला झुकतो आणि लॉनवर पायऱ्या पडतात. लोक मग डेकला, पात्यांना, कंपनीला दोष देत बसतात. हवा बरोबर केल्यावरच डेक समपातळीत घ्या, पुढचं टोक मागच्यापेक्षा पाव इंचभर खाली. डीलर हे करून देतो, दुकानातून घेतलेल्याचं तुम्हालाच बघावं लागतं. तुमच्याकडचं गवत बहुधा टॉल फेस्क्यू असणार. ते तीन-साडेतीन इंचांवर ठेवा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात ते मलूल दिसलं तरी खोल कापायचा मोह टाळा. दर २५ तासांनी, म्हणजे तुमच्या हिशेबाने वर्षातून एकदा, पात्यांना धार लावून घ्या. हे जानेवारीत करा. एप्रिलमध्ये सर्व्हिसवाल्याकडे रांग लागते.

बॅटरीवरच्या ट्रॅक्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक शब्द. सव्वा एकर त्यांच्या आवाक्यात आहे. आवाज कमी, तेल नाही, पेट्रोल साठवायचं नाही. जागा सपाट निघाली आणि वर्षातले निम्मे दिवस घरी एकट्या असताना बेल्ट-फिल्टरची कामं नको वाटत असतील तर जरूर बघा. बॅटरी बदलायची वेळ आली तर किती खर्च येईल, तेवढं आधीच विचारून घ्या. उतार जास्त असेल तर त्यांची सांगितलेली मिनिटं झपाट्याने कमी होतात.

शेवटी आबांचा रोटाव्हेटर. त्यांना सरळ सांगा, हा ट्रॅक्टर त्यांच्या ओळखीचा नाही. कराडकडे त्यांनी जे हिरवे जॉन डिअर पाहिलेत, ते पुण्याजवळ सणसवाडीच्या कारखान्यातून येतात. मागे तीन-पॉइंट लिंकेज (अवजार जोडायचे तीन हात), पीटीओ शाफ्ट (इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा), लावलं की रोटाव्हेटर फिरला. लॉन ट्रॅक्टरला यातलं काहीच नसतं. पीटीओ हा शब्द इथेही ऐकाल, पण इथे तो फक्त डेकच्या पात्यांचा क्लच असतो. मागे एक लोखंडी पट्टी असते, तिला भोक असतं, त्यात छोटी ट्रॉली, खत टाकायचं स्प्रेडर, जमिनीला भोकं पाडायचा एअरेटर जोडायचा. जमिनीत घुसणारं काही तिला जोडलं तर ट्रान्समिशन पहिल्याच दुपारी तापेल. गार्डन ट्रॅक्टर नावाचा जड प्रकार असतो, तो जमीन खणू शकतो, पण दोन वाफ्यांसाठी एवढा खर्च करू नका. भाड्याने यंत्रं देणाऱ्या दुकानात मागच्या बाजूला दाते असलेला टिलर दिवसाच्या भाड्यावर मिळतो. एप्रिलमध्ये, पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले की, लाल माती मुठीत दाबून बघा. तिचा गोळा फुटत असेल तेव्हाच टिलर आणा. ओली असताना फिरवली तर ढेकळं विटेसारखी वाळतात, हे आबांना वेगळं सांगायला नको. तुमच्या भागात रोपं गोठवणारी शेवटची थंडी साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत पडते. मे लागताच भेंडी आणि गवार टाकता येईल, आणि वाफे ट्रॅक्टरच्या वळणाच्या वाटेत येणार नाहीत अशी जागा त्यांनाच निवडू द्या.